शेवटचं भजं

“पाणी घेणार?”

बिरादार सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि प्लेसमेंटसाठी नाव द्यायला त्यांच्या खोलीत गेले होते. एप्रिलची दुपार, वर पत्रे, घशाला अशी कोरड पडलेली की बोलताना आवाज फाटत होता. कोपऱ्यात माठ होता, त्यावर स्टीलचा ग्लास पालथा घातलेला. मी त्या माठाकडं बघत म्हटलं, “नको सर.”

“बाहेर जा. पुन्ना आत ये.”

मला वाटलं, चप्पल दारात काढायची राहिली म्हणून असेल. काढून आले. सरांनी परत विचारलं, “पाणी घेणार?” मी आणखी अदबीनं म्हटलं, “नको सर, खरंच नको.” परत बाहेर. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक, शेवटी मी रडकुंडीला येऊन ओरडलेच, “द्या!” तेव्हा सर उठले, स्वतःच्या हातानं ग्लास भरून दिला. मी तो उभ्यानं घटाघटा संपवला. ते माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाले, “तहान तर लई लागली व्हती. मंग नको कामून म्हणलीस?”

आता याला काय सांगायचं! आमच्या चाकूरकडं कुणाच्या घरी गेलं की आधी नको म्हणायचं असतं, एवढंच मला माहीत. चहा नको, पाणी नको, आणि पोटात कावळे ओरडत असले तरी ‘आत्ताच जेवून आलो’. मग घरचे आग्रह करतात, आपण ताटावर हात आडवा धरतो, ते तो हात बाजूला सारून वाढतात, आणि दोन्हीकडच्या माणसांना बरं वाटतं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारं पोर म्हणजे हावरट, आणि त्याच्या माईनं त्याला वळण लावलं नाही असं गावभर होतं. माझ्या माईनं तर मला चालायच्या आधी नको म्हणायला शिकवलं असेल.

सरांचं सगळं वैर या एका शब्दाशी. “नको हे उत्तर न्हाई बाळांनो, सवय हाय,” ते म्हणायचे. “आग्रह लग्नाच्या पंगतीत. इंटरव्ह्यूला बसल्यावर कुणी तुमचा हात बाजूला सारून नोकरी वाढणार न्हाई. तिकडं एकदाच इच्यारतेत.” म्हणून तेही एकदाच विचारायचे. कॅन्टीनमध्ये चहाचा कप पुढं सरकवून, वर्गात खडू पुढं करून, रस्त्यात स्कूटर थांबवून. “सोडू का हॉस्टेलपर्यंत? एकदाच इच्यारणार.” आपण लाजत, पायाकडं बघत ‘नको सर, कशाला’ म्हणेपर्यंत स्कूटर वळणावर गेलेली असायची. भर उन्हात एकदा असं चालत आलेलं पोर दुसऱ्या वेळी आधी मागं बसायचं आणि मग हो म्हणायचं.

दिसायला म्हणाल तर सर अगदी साधे. उंची बेताची, केस मागं चापून बसवलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि त्यातलं एक कायम गळणारं. शिकवायचे यंत्रांचा विषय; प्लेसमेंटचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, कारण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं. मूळ गाव उदगीरच्या पुढं, पार सीमेवर, त्यामुळं फार चिडले की तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी बोलायचे. त्याचा अर्थ विचारायची आमची कधी छाती झाली नाही. घर लातूरला. आठवडाभर नांदेडात खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारच्या लातूर गाडीनं घरी जायचे.

हे नकोचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते ज्ञानेश्वरमुळं. ज्ञानेश्वर आमच्या आधीच्या एका बॅचचा, अहमदपूरचा, हुशार म्हणजे अतिशय हुशार. दुसऱ्या गावच्या एका कॉलेजात कंपनी आली होती, तिथं सर आपली मुलं घेऊन गेले. ज्ञानेश्वर सगळ्या चाळण्यांतून पार होऊन शेवटच्या मुलाखतीला बसला. साहेबांनी त्याला विचारलं, “डिझाइनला एक जागा आहे, घेशील?” त्याच्या मनात तर उकळ्या फुटत होत्या. पण तोंडातून काय निघालं? “नको सर, दुसऱ्या कुणाला द्या. मला काय, कुठंही चालतं.” त्याला वाटलं, साहेब म्हणतील, अरे घे रे, लाजतोस काय! साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. झालं! ज्ञानेश्वर बाहेर येऊन कितीतरी वेळ त्या बंद दाराकडं बघत उभा होता म्हणे, आता परत बोलावतील, मग बोलावतील.

सर ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे आणि सांगताना एकदाही हसायचे नाहीत. “पोरगं चुकलं न्हाई,” म्हणायचे. “मी त्याला गणितं शिकवली, बायोडाटा शिकवला, टाय बांधाया शिकवलं. कुणी घे म्हणलं की घ्यायचं असतंय, एवढं सांगायचं ऱ्हाऊन गेलं.” ज्ञानेश्वर पुढं लातूरला एका डाळमिलमध्ये मशिनरी बघायला लागला. त्याच्याच ओळखीनं मला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मिळाला. तिथल्या तूरडाळीच्या चाळण्या सारख्या का तुटतात, ते शोधायचं होतं.

लातूरचं आणि माझं नातं मात्र जरा कडवटच होतं. दहावीनंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लातूरला क्लासला ठेवलं. एवढीशी खोली, खिडकीतून समोरच्या खोलीतली पुस्तकं दिसायची, रस्त्यानं मान खाली घालून जाणाऱ्या पोरी आणि पोरं. प्रश्न वाचायचा, बरोबर गोल काळा करायचा, पुढं जायचं. त्या गावानं मला उत्तर काढायला शिकवलं हे खरंय, पण त्या सगळ्या काळात कुणी मला तोंडानं काही विचारलेलं आठवत नाही. आता मामा घरी येऊन सांगत होते, “इंजिनिअर पोरी घरी बसल्यात ढिगानं. नोकरी लागली तर लागली, न्हाईतर लातूरला पुन्हा खोली करून द्या, स्पर्धा परीक्षेचं करील.” अण्णा मान डोलवत होते. त्या खोलीत मला परत जायचं नव्हतं. मला मशीन बनवायची होती. कागदावर नाही, खरी, फिरणारी, आवाज करणारी!

आणि मग सप्टेंबरात एके दिवशी सर वर्गात आले ते खडू न घेताच आले. “कंपनी येऊन राहिली,” म्हणाले. “आपल्या कॉलेजात. हितं. नांदेडला.”

काय सांगू तुम्हाला, वर्गात नुसता गलका झाला. बाकं वाजली, शिट्ट्या वाजल्या. आजवर आम्हीच कंपनीच्या मागं गावोगाव गेलो होतो. आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. पुण्याकडची गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी. तिच्या ऑफिसात सर किती सुट्ट्या घालवून बसून आले होते, ते आम्हाला नंतर कळलं. प्रत्येक वेळी ‘नांदेड लांब पडतं’ हेच उत्तर. शेवटी एका मॅडमना दया आली असावी, किंवा कंटाळा. एकदा येऊन बघतो, म्हणाल्या. “एकदा,” सरांनी बोट वर केलं. “पोरं पसंत पडली तर दरसाल येतील. तुमच्या मागच्यांचं बी कल्याण. न्हाई पडली तर पुन्ना ह्या रस्त्याला कुणी फिरकणार न्हाई.”

तिथून पुढं कॉलेजचा नूरच पालटला. बघावं तिथं तयारी. पोरं जिन्यात एकमेकांच्या मुलाखती घेताहेत, मेसमध्ये पोळी हातात धरून कोडी सोडवताहेत. आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर इस्त्री एक आणि शर्ट पन्नास, त्यावरून रोज महाभारत. माझी रूममेट अश्विनी, ही देगलूरची, झोपेतसुद्धा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर बडबडायची आणि मी अंथरुणातून तिचं इंग्रजी दुरुस्त करायचे.

आणि भजी. ग्रुप डिस्कशनची तयारी सर कॅन्टीनमध्ये घ्यायचे. एका टेबलाभोवती आम्हा आठ जणांना बसवायचे, मधे गरम कांदाभज्यांची प्लेट, एक विषय द्यायचे आणि म्हणायचे, “बोला आन खा.” पहिल्या दिवशी विषय होता, गावात राहावं की शहरात. झालं काय, तर “तू बोल ना आधी”, “नाही नाही, तू बोल”, “मुली आधी”, “आधी तुम्ही मोठे”. यातच अर्धा वेळ गेला. भजी मात्र हळूहळू संपत आली आणि शेवटी प्लेटमध्ये एक राहिलं. त्याला कुणी हात लावेना. सगळे त्याच्याकडं बघताहेत आणि कुणी बघत नाही असं दाखवताहेत. तेलाचा डाग प्लेटवर थिजला तरी ते आपलं तसंच.

“हे कुणाचं?” सरांनी विचारलं.

“घ्या ना सर तुम्ही,” आम्ही आठही जण एका सुरात.

सरांनी कपाळावर हात मारला. कानडीत काहीतरी बोलले. मग म्हणाले, “अरे, कंपनीत जागा असतेत थोड्या आन माणसं असतेत ढिगानं. शेवटची जागा म्हंजे हे शेवटचं भजं. हे आठ जणांत एकाला बी उचलता येत न्हाई?” मग त्यांनी नियम घातला. हिसकायचं नाही, ओढाताण नाही. ‘मला हवंय’ असं सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणायचं आणि उचलायचं. दोन आठवड्यांत आमच्यात अशी काही जान आली की विचारू नका. अश्विनी तर विषयावर बोलता बोलता, वाक्य न तोडता, “आणि म्हणून शहरीकरण अटळ आहे, हे मला हवंय,” म्हणून भजं तोंडात टाकायची. टेबलं गाजू लागली. कॅन्टीनवाल्या काकांनी वैतागून शेवटी भज्यांचा आकारच लहान केला.

मला मात्र ते एकदाही जमलं नाही. हात अर्ध्यापर्यंत जायचा आणि मागं यायचा. ‘मला हवंय’ हे दोन शब्द, पण माझ्या तोंडातून निघायचे नाहीत. कितीही ठरवलं तरी शेवटच्या क्षणी वाटायचं, शेजारच्याला हवं असेल तर?

सरांनी हे हेरलं होतं. लातूर गाडी अहमदपूर, चाकूर करत जाते, त्यामुळं शनिवारी मी आणि सर एकाच एसटीत असायचो. एकदा त्यांनी गाडीतच माझी मुलाखत सुरू केली, तीही मोठ्यानं, इंजिनाच्या वर आवाज काढून. “हां, सांग, तुला आमी कामून घ्यावं?” सगळी गाडी मागं वळली. मी आक्रसून गेले. मग चाळणीचं सांगायला लागले. कडेची पट्टी कशी थरथरते, तडा कुठून सुरू होतो. सांगता सांगता मीच विसरले की मी गाडीत आहे. पुढच्या सीटवर डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी होत्या. त्या सगळं ऐकून सरांना म्हणाल्या, “एवढं सांगून राहिली लेकरू, द्या की तिला नोकरी! कामून अडवून धरलंय?” गाडी हसली. कंडक्टरनं तर तिकिटं थांबवून मला विचारलं, “मग तुटती कुठून?”

“आजी, म्या दिली असती,” सर म्हणाले. “पर तिला हवीय असं ती म्हणत न्हाई.”

“म्हण गं माय,” आजी माझ्याकडं वळून म्हणाल्या. मी हसले. म्हटलं मात्र नाही. चाकूर आलं आणि मी उतरले.

कंपनीचा दिवस उजाडला तो रांगोळीनं. सरांनी प्राचार्यांना आठवडाभर आधीपासून सांगितलं होतं, सत्कार नको, वेळ कमी आहे. पण प्राचार्यांना ते पटेना. “पुण्याचे पाहुणे आणि फेटा न बांधता बसवायचे? लोक तोंडात शेण घालतील!” मग काय, फेटे, शाली, श्रीफळं, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रास्ताविकात राहिलेलं पुन्हा मनोगतात. संस्थेतल्या प्रत्येकाला आपल्या हातानं हार घालायचा होता. आपटे मॅडम, कंपनीकडून आलेल्या मुख्य बाई, फेट्याखालून घड्याळाकडं बघत होत्या. सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचं कानडी आम्हाला पार मागच्या रांगेत कळत होतं. शेवटी आभारप्रदर्शनाला एक जण उठणार, तोच सरांनी माइक हातात घेतला. “आभार समद्यांचे. परीक्षा वर्कशॉपच्या हॉलमधी. पळा!” आणि आम्ही दोनशे पोरं पळत सुटलो. मॅडम फेट्यासकट आमच्या मागं.

काय दिवस होता तो! लेखी परीक्षा झाली, नावं लागली, अर्धे गळाले. ग्रुप डिस्कशनमध्ये आमची पोरं अशी बोलली की कंपनीचे साहेब मधेच लिहायचे थांबून ऐकू लागले. अश्विनी पार झाली. मीही झाले, कसंबसं, शेवटी एकदा तोंड उघडून. मग मुलाखती सुरू झाल्या. एकेक जण आत जायचा, आम्ही बाहेर बाकावर नखं खात. बाहेर आलेल्याला घेरून एकच प्रश्न, “पाणी विचारलं का? काय म्हणालास?” “हो म्हणालो! दोन ग्लास प्यायलो!” आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. सर लांबून ओरडायचे, “गप बसा, वरात हाय का ही?” पण हसू त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

फक्त एक अडचण होती. माझं आडनाव येलमटे. इंग्रजी यादीत माझ्या मागं सहसा कुणी नसतं. सकाळी हारांमध्ये गेलेला वेळ आता आमच्या शेपटाला नडणार होता. पुण्याची गाडी संध्याकाळची. ऊन कलायला लागलं तरी बाकावर आम्ही सात जण शिल्लक होतो, सगळे शेवटच्या अक्षरांचे. एवढ्यात दार उघडलं आणि आपटे मॅडम पर्स खांद्याला लावून बाहेर आल्या.

“सर, सात मुलं राहिलीत,” त्या बिरादार सरांना म्हणाल्या. “गाडीची वेळ झालीय. आजची सोडून आम्ही उद्या सकाळी निघू शकतो. थांबू का?”

आणि सरांनी, आमच्या बिरादार सरांनी, ज्यांनी मला पाण्यासाठी उन्हात आत-बाहेर नाचवलं होतं त्यांनी, दोन्ही हात जोडले. चेहऱ्यावर यजमानाचं अगदी गोड हसू आलं. “छे छे, नको नको मॅडम! तुमाला कामून तरास! सकाळपासून बसलाव, दमलाव. तुमी निघा खुशाल.”

“बरं, ठीक आहे मग,” मॅडम म्हणाल्या आणि आत वळून साहेबांना म्हणाल्या, “आवरा, निघू या.”

सरांना कळलंच नव्हतं ते काय बोलले. ते अजून हात जोडून उभे होते, मॅडम आता ‘अहो, त्यात कसला त्रास’ म्हणतील याची वाट बघत. मॅडम पुण्याच्या. त्यांनी विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, विषय संपला होता. मला ती लातूरची खोली दिसली. समोरच्या खिडकीतली पुस्तकं दिसली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, खरं सांगते, ती तेलकट प्लेट दिसली.

“थांबा मॅडम!” मी उभी राहिले. आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले. “आम्हाला हवंय! मला हवाय इंटरव्ह्यू. तुम्ही थांबा. सरांना ‘हो’ म्हणायचं होतं!”

मॅडम माझ्याकडं बघताहेत, मग सरांकडं. “पण सर तर नको म्हणाले.”

“आमच्याकडं ‘हो’ला तसंच म्हणतात,” मी म्हटलं. “तुम्ही अजून दोनदा विचारलं असतंत तर ते हो म्हणाले असते.”

सरांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. चेहरा पडला. ज्ञानेश्वरची गोष्ट सांगताना तो जसा व्हायचा, तसा झाला. मग त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मान ताठ केली आणि म्हणाले, “हाव मॅडम. पोरगी खरं बोलून राहिली. थांबा. आमाला तुमी थांबायला हवं हाय. राहायची, जेवायची सोय समदी करतो. आन पुन्ना इच्यारू नका, हेच उत्तर हाय.”

मॅडम आधी गोंधळल्या, मग त्यांना जे हसू फुटलं! पर्स काढून त्यांनी बाकावर आपटली. “पुढचा कोण आहे? चला!”

दिवे लागले तेव्हा माझा नंबर आला. “पाणी?” मॅडमनी विचारलं, डोळे मिचकावत. “हो, द्या,” मी म्हटलं आणि सगळा ग्लास संपवला. मग चाळणीवर बोलले. कागद मागून घेतला, तडा काढून दाखवला, साहेबांनी उलटसुलट विचारलं, मीही त्यांना विचारलं. भांडणच म्हणा ना, पण काय मजा आली! शेवटी साहेब म्हणाले, “डिझाइनला एकच जागा उरलीय. काम अवघड आहे. घे...”

“घेते,” मी म्हटलं.

“अगं, मला वाक्य तरी पुरं करू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात नावं वाचली. शेपटाकडच्या आम्हा सात जणांतून माझ्यासकट तिघं लागले, अश्विनी लागली, आणि एकूण नावं संपता संपेनात. कुणी कुणाला उचललं, कुणी रडलं, कॅन्टीनवाल्या काकांनी फुकट चहा वाटला. मी अण्णांना फोन लावला. ते कितीतरी वेळ नुसतं “बरं, बरं” म्हणत राहिले आणि मग फोन माईकडं दिला. स्टेशनला जायच्या गाडीत बसल्यावर मॅडमनी काच खाली केली. “सर, पुढच्या वर्षी येऊ?”

आम्ही सगळे सरांकडं बघत होतो. सरांनी हात जोडले नाहीत, खिशात घातले. “या,” म्हणाले. “आन दोन दिवस काढून या.”

त्या गर्दीतून वाट काढत मी त्यांच्यापाशी गेले. काल चारचौघांत मी त्यांना तोंडघशी पाडलं होतं, असं मला आतून टोचत होतं. सर गळक्या पेनाची शाई बोटावरून पुसत म्हणाले, “मला शिकवाया माझीच पोरगी लागली.” मग एकदम हसले. “ज्ञान्याला फोन कर. त्याला सांग, ती डिझाइनची जागा आपल्यालाच घावली.”

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. कंपनी अजून दर वर्षी येते, आणखी दोन येतात. निरोप समारंभाला मी पुण्याहून गेले. सत्काराला आयुष्यभर शिव्या घातलेल्या या माणसाला फेटा बांधायला प्राचार्य पुढं झाले, तेव्हा सरांचा हात सवयीनं आडवा आला. आम्ही जुनी पोरं पहिल्याच रांगेत बसलो होतो. आमच्याकडं नजर जाताच त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “बांधा. घट्ट बांधा.” असला टाळ्यांचा कडकडाट त्या हॉलनं ऐकला नसेल.

मग त्याच लातूर गाडीनं आम्ही दोघं निघालो. फेटा त्यांनी उतरवला नव्हता. अहमदपूरला गाडी थांबली, स्टँडवर उतरून आम्ही भज्यांची प्लेट घेतली. बोलता बोलता खात होतो; कंपनीचं, ज्ञानेश्वरच्या लग्नाचं, मी आता नव्या पोरांच्या मुलाखती घेते त्याचं. प्लेटमध्ये शेवटचं एक राहिलं. सरांनी ते माझ्याकडं सरकवलं. “घेणार?”

“नको, तुम्ही घ्या सर,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“एकदाच इच्यारलं व्हतं,” सर म्हणाले आणि भजं तोंडात टाकलं. मग फेटा सावरत इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मला पाण्यासाठी पळावं लागलं.

चाकूरला मी उतरले. गाडीनं हॉर्न दिला. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आता सोमवार आला तरी त्यांना नांदेडला जायचं नव्हतं, आणि शनिवारच्या या गाडीत आम्ही दोघं परत कधी भेटणार नव्हतो. ते त्यांनाही कळत होतं. म्हणाले, “उद्या लातूरला घरी जेवाया ये...”

“येते!” मी ओरडले. गाडी हलली होती. मी तिच्या बाजूनं पळत होते, हातातली बॅग पायात येत होती. “हो सर, येते! येते!”